खापरपणजोबांना जनतेचा कौल

'इतिहासाला विचारा' या फेसबुक गटावर लोक प्रश्न टाकत आणि इतिहासाचे अभ्यासक पुराव्यानिशी उत्तरं देत. एकदा आमदार दौलतराव हिंगणकरांनी तिथे ठोकून दिलं, की भैरवकडा किल्ला त्यांच्या खापरपणजोबांनी जिंकला. गट चालवणाऱ्या डॉ. रेवती सोनटक्के यांनी पुरावा मागितला.

दौलतराव खवळले. त्यांनी गटावर थेट मतदानच घेतलं आणि कार्यकर्त्यांनी 'जिंकला'वर धडाधड बोटं दाबली.

"बघा बाई, जनतेचा कौल! आता गप्प बसा, नाहीतर गटाला टाळं ठोकीन."

रेवतीबाई असल्या धमक्यांना भीक घालणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनीही मतदान ठेवलं: 'गेल्या निवडणुकीत दौलतराव पडले. हो की नाही?' विरोधक टपलेलेच होते. संध्याकाळपर्यंत 'हो'चा नुसता पाऊस पडला.

दौलतरावांनी सगळ्यांदेखत लिहिलं, "हा काय चावटपणा? मी निवडून आलोय!"

"पण साहेब, जनतेचा कौल?"

"असल्या कौलानं झालेली गोष्ट बदलते होय? सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. कागद बघा, कागद!"

"बघते की," रेवतीबाईंनी उत्तर टाकलं. "येताना खापरपणजोबांचाही घेऊन या."