ओळीच्या रानातली नांगी

हे समोरचं रान पाहा. याला आम्ही ओळीचं रान म्हणतो. आता ओळ कुठं दिसते का? मोह, तेंदू, ऐन आणि पळसवेली एकमेकांत अशा घुसल्यात की चुकार बैलही आत शिरत नाही. पण मधूनच एखादा जुना सागवान उभा असतो आणि बरोब्बर त्याच्या नाकासमोर दुसरा. तेवढाच पुरावा उरलाय. बसा जरा, मलाही आता उभ्यानं सांगवत नाही.

फार पूर्वी हे रान जमीनदाराचं होतं, असं सांगतात. सारा डोंगर सागवानाचा, दोरी धरून लावलेला. दुसरं काही उगवलं की उपटायचं. रोप मेलं किंवा झाड तोडलं की जी जागा रिकामी पडते तिला नांगी म्हणतात. ती आषाढात भरायची. हे काम गावच्या बायांकडे, वेठीनं. घरच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोवणी खोळंबलेली, धानाच्या कोवळ्या रोपांचं पऱ्हं पिवळं पडत चाललेलं, आणि या डोंगरावर परक्याच्या नांग्या भरतायत. वाकलेली बाई मेल्यावरच सरळ होई, असं माझी आजी म्हणायची.

त्या बायांत जैवंता होती. तिचा नवरा कोंदू उन्हाळ्यात तोडीवर होता, आणि तोडता तोडता झाड त्याच्याच अंगावर आलं. रानात पडलेल्याला पडला तिथंच मूठमाती द्यायची, अशी तेव्हा गावची रीत होती. त्याला त्या बुंध्याशी पुरलं. आषाढ लागला आणि ती जागा नेमकी जैवंताच्या वाट्याला आली. तिनं खड्डा करायची सब्बल उचलली, परत खाली ठेवली आणि तिथंच बसली.

जमीनदाराचा दस्तूर असा, की एक जरी नांगी राहिली तरी गावाला रोवणीची मोकळीक नाही. म्हणजे साऱ्या गावाला वर्षभर उपास. बायांवर देखरेख करणाऱ्या जमादारानं तिला परोपरीनं समजावलं, तू नको, मी भरतो म्हणाला. ती हलेना. शेवटी जमीनदाराचा दिवाणजी स्वतः डोंगर चढून आला आणि ही नांगी कोणाची म्हणून विचारू लागला.

"नांगी नाही जी," जैवंता म्हणाली. "तिथं मानूस हाये."

दिवाणजीनं शेजारच्या बाईला रोप लावायला फर्मावलं. ती म्हणाली, माझ्या ओळीत माझा बाप आहे, तापानं गेलेला. त्याच्यावर मीच रोप लावलं होतं. असं म्हणून तिनं ते उपटून काढलं. तिसरीचा भाऊ सापानं गेला होता. बाया एकेक करून आपली माणसं सांगत गेल्या आणि त्यांच्यावरची रोपं उपटत गेल्या. दिवाणजी मग म्हाताऱ्या सोनकीकडे वळला. तिचं कोणीच रानात गेलेलं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुझं कोण आहे इथं, असं त्यानं विचारलं.

सोनकीनं हातातलं रोप जमिनीवर ठेवलं. "मीच हावो," ती म्हणाली. "चाळीस वर्सं झाली."

देवानं दिवाणजीची वाचा घेतली म्हणे. मला वाटतं तोही थकला असेल, हुकमाचा ताबेदारच तो. तो उतरून गेला आणि परत कोणी आलं नाही. बाया तशाच बांधीत उतरल्या. त्या वर्षी धान निम्मंच झालं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण नांग्यांत जे उगवलं ते कोणी उपटलं नाही, आणि हळूहळू रानानं ओळी गिळल्या.

आजही या रानात कोणी सब्बल नेत नाही. आणि रोवणी करताना आमच्या गावची प्रत्येक बाई आपल्या वाट्याच्या पातीत, त्या ओळीत, वीतभर जागा मोकळी सोडते. तिथं कोण आहे, हे तिला विचारायचं नसतं. माझी बायको एक्केचाळीस वर्षं ती जागा सोडते आहे. तिच्या माहेरचं, आमच्याकडचं, रानात गेलेलं माणूस मी आठवून आठवून पाहिलं. कोणीच नाही. मग सोनकी आठवली. यंदा मी बांधावरून उठलो, चिखलात उतरलो आणि तिच्या हातातली पऱ्ह्यांची पेंडी घेतली. तिनं ती दिली. फार उशिरा घेतली, हे मला कळतं.