चांदावर पाऊल पडल्यानंतरची चतुर्थी

"मग आज अर्घ्य द्यायचं तरी कुणाला, माय?"

शेवंता मठाच्या ओसरीची पायरी चढलीसुद्धा नव्हती, तोच तिनं विचारलं. लेक कडेवर, पदर खोचलेला, कपाळावर घाम. नमस्कार करायचंही ती विसरली.

भागामाय पत्रावळी लावत बसली होती. मठात आलेला माणूस उपाशी जाऊ नये, एवढंच तिचं व्रत. वय ऐंशीच्या घरात, पण बोटांतली काडी पळसाच्या पानातून अशी जायची, की पानालाही कळू नये.

"काहून? काय झालं चांदाले?"

"तुम्हाला ठाऊक नाही? माणूस जाऊन आला तिथं! परवा शाळेच्या पटांगणात सरकारी जीप आली होती. पांढऱ्या कापडावर सिनेमा दाखवला. सारं गाव लोटलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, माय. नुसते दगड अन् धूळ. देव नाही, रथ नाही, ससासुद्धा नाही. मी सातवी शिकले आहे, कुणी सांगितलं म्हणून ऐकणारी नाही."

भागामायनं दुसरं पान घेतलं.

"एकवीस चतुर्थ्या बोलले होते मी. मंदानं पाऊल टाकावं म्हणून. अकरा झाल्या, आज बारावी. दोन वर्षांची झाली पोर, अजून..." शेवंतानं लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "डॉक्टर म्हणतो, हाडं चांगली आहेत. सासू म्हणते, माणूस चांदावर चालला अन् आमची नात अंगणात चालेना! अकरा महिने मी काय दगडांना पाणी घातलं? दुसरा देव सांगा मला. आजच सांगा. चंद्र उगवायच्या आत."

"बस तं आधी."

शेवंता बसली. लगेच उठली. पुन्हा बसली.

"मागच्या चतुर्थीले चांद दिसला होता?"

"नाही. आभाळ भरलं होतं. पंचांगात वेळ पाहून अर्घ्य दिलं."

"मंग ते पाणी कुठं गेलं?"

"...तुळशीत."

"तुळस कशी आहे?"

"माय! इथं माझा जीव टांगणीला लागला अन् तुम्ही तुळशीचं विचारता!"

"बरं, नाही विचारत. अर्घ्य कसं देतं तू? एका हातानं का दोन?"

"एकाच. दुसऱ्या हातात ही असते नं."

"अस्सं..."

काडी पानातून आरपार गेली. भागामायनं तिचं टोक मोडलं.

"सिनेमात काय पाह्यलं, ते सांग. मले कोणी नाही सांगितलं."

शेवंताला घाई होती. पण ते आठवलं, तसा तिचा आवाज आपोआप खाली आला.

"एक शिडी होती. माणूस पाठमोरा, अंगात गोणपाटासारखे जाडजूड कपडे. एकेक दांडी उतरत होता. शेवटच्या दांडीवर थांबला. मास्तर म्हणाले, आता बघा. एवढं गाव, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. त्यानं पाय खाली सोडला... वाटलं, हा आता पडतो. खाली काय आहे, कुणाला ठाऊक? भुसभुशीत असेल, गिळून टाकेल. त्याच्या आईचं काय होत असेल..."

"मंग?"

"मग काय, टेकला पाय. लोकांनी टाळ्या पिटल्या."

"अन् पोट्टी?"

"कोणती?"

"तुही. ते कुठं होती तवा?"

"मांडीवर. पाय झाडत होती सारखी. खाली उतरायचं म्हणून रडून गोंधळ घातला नुसता. अंधार, गर्दी, खाली काटेकुटे... मी धरून ठेवली घट्ट."

भागामायनं तिच्याकडे पाहिलं.

"कोणीही धरली असती!" शेवंता म्हणाली.

भागामायनं हातातलं पान खाली ठेवलं.

मग तिनं पानांचा गठ्ठा शेवंताकडे सरकवला. "माहे डोळे थकले. एवढी एक पत्रावळ लावून दे."

शेवंतानं कडेवरच्या लेकीला सांभाळत डाव्या गुडघ्याखाली पान दाबलं, उजव्या हातानं काडी टोचली. पान सरकलं. दुसरं घेतलं, ते फाटलं. तिसऱ्याला काडीच मोडली.

"एका हातानं नाही होत, माय."

"नाही होत," भागामाय म्हणाली.

शेवंतानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ओसरी सारवलेली, तरी तिनं हातानं झाडली. खडा नाही ना, मुंगी नाही ना, पाहून घेतलं. मग मंदाला पानांच्या ढिगाशेजारी बसवलं अन् कामाला लागली. एक डोळा काडीवर, एक लेकीवर.

चार पानं जोडून झाली. पाचवं घेतलं, तर मंदा बसल्या जागी नव्हती.

ती खांबाला धरून उभी होती.

शेवंता ताडकन उठली. अन् तिथंच अडकली. कमरेतून सुटलेल्या तिच्या पदराचं टोक भागामायच्या गुडघ्याखाली होतं.

"पदर सोडा, माय! पडेल ती!"

भागामाय पान निवडत राहिली.

मंदानं खांब सोडला. एक पाय उचलला. तो पाय हवेतच राहिला... शेवंताचा श्वासही तिथंच राहिला.

टेकला.

दुसरा उचलला, अन् पोर धपकन पानांच्या ढिगात आपटली.

तिनं आईकडे पाहिलं. रडावं म्हणून ओठ काढले. आई येत नाही असं पाहून पुन्हा मिटले. कपाळाला चिकटलेलं पान ओढून काढलं, अन् रांगत रांगत परत खांबाकडे निघाली.

शेवंताच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलंही नाही. पण प्रश्न काही तिला सोडेना.

"अन् माय... आजचं अर्घ्य? देऊ की नको?"

भागामायनं गुडघा उचलला. पदर मोकळा केला.

"दे. दोन्ही हातानं दे."