सहा वाजताचा डबा

जयसिंगपुरात एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याचे आणि त्याच्या पत्नीचे स्कॉटलंडवरून बिनसले. दोघांनीही स्कॉटलंड पाहिलेले नव्हते; पण न पाहिलेल्या गोष्टीवरून माणसे अधिक नेटाने भांडतात, हा अनुभव आपणा सर्वांनाच आहे. व्यापाऱ्याचे नाव भूपालशेठ आणि पत्नीचे राजमती. लग्नाला पस्तीस वर्षे झाली म्हणून मुलाने त्यांना जूनमधली आठ दिवसांची सहल भेट दिली होती आणि मुक्काम कुठे करायचा, एवढेच त्यांच्यावर सोपवले होते. शेठजींना एडिंबरा शहर हवे होते. राजमतींना दूर डोंगरात, तळ्याकाठचे एक दगडी घर हवे होते. आठवडाभर दोघे हटेनात. शेवटी राजमती म्हणाल्या, "तुम्ही एकटेच जाऊन या." हे बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून शेठजी घाबरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पत्नीला घेऊन आपल्या जुन्या भूगोलाच्या गुरुजींकडे गेले. निघताना राजमतींनी नेहमीप्रमाणे शेठजींचा संध्याकाळचा डबा भरून दुकानात पाठवून दिला होता. गुरुजींनी ऐंशी ओलांडली होती. त्यांच्याजवळ त्यांची एक शिष्या बसली होती. ती नुकतीच शाळेत भूगोल शिकवू लागली होती आणि काही अडले की गुरुजींना विचारायला येत असे.

शेठजींनी तक्रार मांडायला सुरुवात केली, तोच गुरुजींनी हात वर केला. "भांडण नको. दोघं दोन खोल्यांत बसा आणि बेत कागदावर लिहा. वर सकाळ, मध्ये दुपार, खाली संध्याकाळचं जेवण. आठ दिवस, बास."

अर्ध्या तासाने कागद आले. शेठजींचा कागद पाहून शिष्या थक्क झाली. शहरात मुक्काम, स्टेशन जवळ, शाकाहारी खाणावळी हाताशी, रोज सकाळी सातला नवी बस. एक दिवस किल्ला, एक दिवस मोठे सरोवर, एक दिवस पाच तास जाऊन पाच तास परत येणे. राजमतींच्या कागदावर 'सकाळी फिरणे' आणि 'दुपारी जमेल ते' याहून फारसे काही नव्हते. निकाल लागलाच, असे शिष्येला वाटले.

गुरुजींनी कात्री मागवली. दोन्ही कागदांवरची सकाळ कापली, दुपार कापली आणि शांतपणे टोपलीत टाकली.

"गुरुजी, अहो, सगळा बेतच कापलात की!" शिष्या न राहवून म्हणाली.

"राहिलाय तेवढा वाच," गुरुजींनी तळाच्या दोन पट्ट्या तिच्या हाती दिल्या.

शेठजींच्या पट्टीवर आठही दिवस एकच मजकूर होता : 'सहा वाजता, गाडीतच, डबा.'

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे घर जैनांचे. सूर्य मावळण्याआधी जेवून घ्यायचे, हा नेम दोघांनीही कधी मोडला नव्हता. दुकान मात्र रात्री साडेआठला बंद होई आणि सुट्टीच्या वारी शेठजी मालासाठी कोल्हापूरला जात. त्यामुळे पस्तीस वर्षे राजमती संध्याकाळी घरी एकट्या जेवत आल्या होत्या आणि शेठजी गल्ल्यामागे बसून डबा खात आले होते. गावाला डबे विकणाऱ्या माणसाच्या वाट्याला डबाच यावा, यात त्यांना कधी काही वावगे वाटले नव्हते. स्कॉटलंडचा बेत लिहितानाही त्यांच्या हाताने आपोआप सहाच लिहिले.

शिष्येने दुसरी पट्टी वाचली. 'नऊ वाजता. दोघांनी.'

"नऊ?" शेठजी ताडकन म्हणाले. "अगं, तिथं जाऊन नेम मोडायचा होय?"

गुरुजींनी शिष्येला विचारले, "जूनमध्ये तिथं सूर्य कधी मावळतो गं?"

शिष्येने फोनवर पाहिले आणि ती ओशाळली. हाच धडा तिने वर्गात शिकवला होता. "दहा वाजून गेल्यावर, गुरुजी."

शेठजी पत्नीकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"पोराला विचारलं मी. त्या डोंगरातल्या घरात स्वयंपाकघर आहे का, तेही विचारून घेतलं."

"मग मला का नाही बोललीस?"

"काय बोलायचं?" राजमती म्हणाल्या. "माझ्याबरोबर जेवायला बसा म्हणून सांगायचं होय, पस्तीस वर्षांनी?"

 

मग गुरुजी बोलले. "भूपाल, किल्ला आणि सरोवर तू कुठूनही बघशील. दिवसभर माणूस बाहेरच असतो. संध्याकाळी जिथं येऊन पाय धुवायचे, त्या जागेला मुक्काम म्हणतात. तू बस कुठून सुटते ते पाहून जागा शोधलीस. हिनं ताटं कुठं मांडता येतील ते पाहिलं. जिथं सूर्य तुम्हा दोघांसाठी थांबेल असा एक देश हिला सापडला आणि तू तिथंही डबाच घेऊन निघालास."

"म्हणजे खेडंच बरं म्हणायचं?" शिष्येने विचारले.

"असं कुठं म्हणालो मी? हिला संध्याकाळी बाजारपेठ बघत हिंडावंसं वाटलं असतं, तर मी शहर घ्या म्हणालो असतो. जागा नंतर बघावी. संध्याकाळ कुणाबरोबर घालवायची, ते आधी ठरवावं."

शेठजींनी राजमतींची पट्टी घेऊन पुन्हा वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "तळ्याकाठचंच घर घेऊ. जूनमध्ये बसू दोघं जेवायला."

"जूनला अजून दोन महिने आहेत," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी खिडकीकडे पाहिले. साडेपाच होत आले होते. अंगणात अजून ऊन होते.

शेठजींनीही खिडकीकडे पाहिले. मग खिशातून फोन काढून त्यांनी दुकानात लावला. "डबा आलाय का? तो घरी पाठवून द्या. हो, आत्ताच." पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे. शेठजी थोडे घुटमळले. "नाही, तब्येत बरी आहे," ते म्हणाले. "आज घरी जेवणार आहे."

राजमती पायांत चपला घालून दारात उभ्याही राहिल्या होत्या.