खारीचा बाण

माळावर रस्ता झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका खारीनं बांबूत दारू ठासून बाण बनवला, थेट ढगांपार जाणारा. पण परवानगी देणारं कासव तिसऱ्यांदा विचारत होतं, "रिकामं नळकांडं पडणार कुठं?"

"माळावर! तिथं नुसते दगड आहेत," खार तडकली. "आभाळ काय तुमच्या मालकीचं आहे?"

"आभाळ नाही गं. पण माळावर टिटवी राहते. झाडावरून बघू नकोस, खाली उतरून बघ."

खार तणतणत माळावर गेली. चार दगडांना तिची शेपटी लागली. दगड कोमट होते. ती टिटवीची अंडी होती!

मग तिनं पलीकडचा ओसाड कातळ पायी पालथा घातला आणि बाणाचं तोंड तिकडं वळवलं.

"मी बाण उडवणारच," ती कासवाला म्हणाली. "पण पुढचा कुणी आला, की त्यालाही आधी झाडावरून उतरवा."