दादासाहेबांचा शब्द आणि कोरा कागद

नवरा गेल्यावर सत्यभामाकाकूंनी त्याची परवान्याची बंदूक आमच्या ठाण्यात जमा केली. ती विकायची तर घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना हवा, हे मला हवालदाराला सांगायची गरज नव्हती. तरीही ती विकत घ्यायला आलेले कारखान्याचे चेअरमन दादासाहेब इंगवले म्हणाले, "पोराच्या वरातीत बार काढायचेत. परवाना मागाहून येईल," आणि मी निमूट मान डोलावली. वर काकूंना विक्रीच्या कागदावर सहीसाठी बोलावणंही धाडलं.

काकू आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "परवान्याशिवाय कशी देऊ?"

"अहो, सगळा तालुका मला ओळखतो. माझा शब्द हाच परवाना!" दादासाहेब गरजले.

"मग तो शब्द कागदावर द्या." काकूंनी टेबलावरचा कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "या बंदुकीतून सुटेल त्या प्रत्येक गोळीला मी जबाबदार, एवढंच लिहा."

दादासाहेबांनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"असं कसं लिहू? वरातीत ती कुणाच्या हातात जाईल, कुणाला लागेल, मला काय माहीत?"

"सरकारलाही तेच माहीत नसतं, दादासाहेब. म्हणून तर परवाना मागतात."

दादासाहेबांनी पेन मिटलं. काकूंनी तो कागद उचलून माझ्यापुढे ठेवला.

"हवालदारसाहेब, सहीला तुम्ही बोलावलंत. म्हणजे तुमचा यांच्यावर भरवसा असणार. तुम्ही लिहा."

बावीस वर्षं लोकांचे जबाब लिहिणारा माझा हात जागचा हलला नाही.

जाताना काकूंनी मला नेहमीसारखा नमस्कार केला. तो मला घेता आला नाही.