डावा कौल, उजवा कौल

खांबरवाडीत कुठल्याही घरी जा, उंबरठा काळाकुळकुळीत दिसेल. तो बिब्याच्या तेलाने काळा झालेला असतो. त्या तेलाला वाळवी तोंड लावत नाही. पण गावात ही रीत पूर्वी नव्हती, असे म्हातारी माणसे पाहुण्यांना सांगतात.

फार मागे राणबाच्या घराचा उंबरठा वाळवीने धरला. बघता बघता दारातच कमरेएवढे वारूळ उभे राहिले. गावची देवी वारुळातच राहते. राणबाने हात जोडले. "आई दारात इली. तिका ओलांडूचा नाय," तो म्हणाला. स्वतः तो माळ्याच्या झरोक्याला शिडी लावून ये-जा करी. सुनेने शिडी चढणे त्याला पसंत नव्हते. मागे परसदार होते, पण त्याला तिन्ही बाजूंनी उभा कातळ.

सून सुंदरा आत राहिली. नवरा गलबतावर गेलेला. बायका बाहेरून हळदकुंकू वाहत.

"देवीन तुका बरी राखणीक ठेवल्यान गो," शेजारीण हसे.

सुंदरा रोज चौकटीवर बोट वाजवून बघे. लाकूड आतून पोकळ झाले होते. वरची तुळई तिच्या डोक्यावर झुकत चालली होती. आपण इथेच गाडले जाणार, हे तिला कळून चुकले. सासऱ्याला सांगितले, तर तो म्हणे, "आई घर पाडूची नाय."

शेवटी तिने अन्न सोडले, तेव्हा राणबा कौल लावायला तयार झाला. वारूळ हलवू का, असे विचारून त्याने वारुळाच्या दोन बाजूंना फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सारा गाव अंगणात जमला. पाकळी पडली.

"डावो कौल. आई नको म्हणता," राणबा उठला.

आतून सुंदरा हळूच म्हणाली, "मामंजी, तुमचो डावो तो माझो उजवो. आईचा तोंड खंय आसा, ता कोणाक ठावूक?"

कोणालाच ठाऊक नव्हते.  मग राणबाने वारुळाची माती टोपलीत भरून डोंगरावर नेऊन ठेवली, आणि नव्या उंबरठ्याला स्वतः बिब्याचे तेल चोळले. त्याचे हात फोडांनी भरले.

आजही वैशाखात तेल लावण्याआधी इथे कौल घेतात. सासरा बाहेर बसतो आणि कौल कुठला पडला ते सून आतून सांगते. मग ती बाहेर पडते. तेल सुकेपर्यंत ती गावभर हिंडते, आणि कुठे चाललीस, असे तिला कोणी विचारीत नाही.