पाळणा निघाला कासारआळीला

सोमवार. सूर्य उगवून दोन घटका झालेल्या. ठिकाण, कासारआळीतलं शेवटचं घर. दाराला बाहेरून कडी. आत दोन मुलं : साळू, वय वर्षं दहा, आणि तिच्या कडेवर दामा, वय वर्षं दोन. दामा रडत होता आणि नेमके त्याच वेळी महाराज रणधवल शिकारीला चालले होते.

महाराजांनी घोडा थांबवला आणि खिडकीच्या गजांतून आत पाहिलं.

"ए मुली! घरात मोठं कोणी नाही?"

"मी आहे की!"

"तुझी आई कुठे आहे?"

"तुमच्या राजवाड्यात. बाळराजांचा पाळणा हलवते."

महाराज जरा चपापले. "आणि बाप?"

"तुमच्या शिकारीत. पुढे गेलेत. झाडीत ढोल बडवून डुकरं उठवतात."

मागे कुणीतरी सरदार उगाचच खोकला. महाराजांना राग आला. राग नेमका कोणाचा आला, हे त्यांनाही कळेना. अशा वेळी मोठी माणसं हुकूम काढतात. महाराजांनीही काढला.

"आमच्या राज्यात पोरं कोंडून ठेवतात? कोतवाल, लिहून घ्या! उद्यापासून आईविना एकटं मूल घरात सापडलं, तर त्याची रवानगी नदीपलीकडच्या आश्रमात!"

साळूने दामाला घट्ट धरलं. "मग उद्या आई घरी राहील, महाराज."

"छे! ती नसली की बाळराजे राजवाडा डोक्यावर घेतात. लिहा, कोतवाल : सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाळण्याची दोरी दाईच्या हातून सुटता कामा नये!"

"मग आम्हीच येतो आईबरोबर."

"नोकरांची पोरं आमच्या गालिच्यांवर? लिहा : नोकरांच्या मुलांनी राजवाड्याचा उंबरा ओलांडू नये!"

"मग बाबांना घरी ठेवा."

"आणि डुकरं कोण उठवणार? तू?"

"मग आईने करायचं तरी काय?"

"ते तिने बघावं! उद्या तिसऱ्या प्रहरी आम्ही स्वतः तपासायला येऊ."

घोडे गेले. धूळ तेवढी घरात आली.

संध्याकाळी साळूने तिन्ही हुकूम सांगितले आणि आई, जानकाबाई, चुलीपुढे तशीच बसून राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

"माझ्या दामाला नेणार गं!"

"मी महाराजांचे पाय धरतो," बाप हैबती म्हणाला.

"कसे धरणार, बाबा? ते घोड्यावर असतात." साळूने करपलेली भाकरी उलटली. "आई, बाळराजांचा तो पाळणा किती जड आहे गं?"

"चांदीचा आहे, बाई. उचलायला चार भोई लागतात."

"चारच ना?" साळू म्हणाली.

मंगळवारी सकाळी राजवाड्याच्या मोठ्या दरवाजातून चांदीचा पाळणा बाहेर निघाला. चार भोयांच्या खांद्यावर पाळणा, पाळण्यात बाळराजे, आणि बाजूने दोरी धरून जानकाबाई. भोयांना फार समजवावं लागलं नव्हतं. त्यांचीही पोरं कडी लावूनच घरी असत.

"थांबा!" पहारेकरी भाला आडवा करून ओरडला. "पाळणा कुठे चालला?"

जानकाबाईने दोरी दोन्ही हातांनी धरली. उंबऱ्याच्या वीतभर बाहेर, दामाला कडेवर घेऊन साळू उभीच होती.

"काका, कालचा हुकूम ऐकला ना? दोरी सुटता कामा नये. सुटलीय का?"

पहारेकऱ्याने दोरीकडे पाहिलं. "नाही बुवा."

"पाळणा बाहेर नेऊ नये, असं कुठे म्हटलंय?"

पहारेकऱ्याने बराच विचार केला. "तसं काही नाही."

"मग महाराजांचा हुकूम चाललाय. वाट अडवणारे तुम्ही कोण?"

भाला उभा झाला.

तिसऱ्या प्रहरी शिकारीवरून परतताना महाराज थेट कासारआळीत आले. दाराला कडी नव्हती. वाकून आत शिरले, तर समोर जानकाबाई!

"दाई! तू इथे? पाळणा सोडून घरी?"

"नाही सोडला, महाराज." तिने हात वर केला. हातात रेशमी दोरी होती.

महाराजांनी दोरीवरून नजर फिरवत नेली. चांदीच्या पाळण्यात दामा गाढ झोपला होता. शेजारी जुन्या लुगड्याच्या झोळीत बाळराजे होते. तोंडाला नाचणीची पेज माखलेली, एक पाय बाहेर, आणि चक्क हसत होते!

"हे काय!" महाराज गरजले.

"हळू, महाराज. दामा उठेल," साळू म्हणाली. "तुमचे तिन्ही हुकूम पाळलेत. आई मुलांजवळ आहे. दोरी आईच्या हातात आहे. आणि आम्ही काही उंबरा ओलांडला नाही. बाळराजांनी ओलांडला, पण ते नोकराचं मूल नाहीत."

महाराजांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, तेव्हा हसू बाहेर पडलं. इतके हसले की दामा उठला, बाळराजे खिदळले आणि बाहेर घोडाही खिंकाळला.

"हरलो! कोतवाल, कालचे तिन्ही हुकूम फाडा. राजवाड्याच्या पूर्वेच्या दालनातले गालिचे गुंडाळा. उद्यापासून नोकरांची पोरं तिथेच राहतील, बाळराजांच्या सोबत. पोरी, तुला काय हवं?"

"आमच्या दाराला एक कडी. आतून."

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात ठेवलं आणि कडीसाठी सुतार धाडतो म्हणाले. मग महाराज निघाले, तेव्हा साळूने विचारलं,

"महाराज, बाळराजे सकाळीच इथे आले. तिसरा प्रहर झाला. राजवाड्यातून त्यांना शोधायला कोणीच कसं नाही आलं?"

महाराजांनी कोतवालाकडे पाहिलं. कोतवालाने पहारेकऱ्याला विचारलं, पहारेकऱ्याने दासींना, दासींनी राणीसाहेबांच्या कारभाऱ्याला.

सुतार दुसऱ्याच दिवशी येऊन कडी बसवून गेला. या प्रश्नाचं उत्तर मात्र कासारआळीत अजून आलेलं नाही.